पेशंट चालत आला

४ मार्च, मंगळवार

चालत आला म्हणून पैसे नाहीत! मग काय रांगत यायला हवं होतं?

वही उघडली की आधी देवाचं नाव लिहावं म्हणतात. मी आधी हे लिहिलं. देवाचं नंतर बघू, तो कुठे पळून चाललाय.

इन्शुरन्स कंपनीचं पत्र आलं. सुनेने वाचून दाखवलं. ती शाळेत इंग्रजी शिकवते, त्यामुळे वाईट बातमीसुद्धा धडा वाचल्यासारखी वाचते. गेल्या महिन्यात ह्यांच्या छातीत दुखलं होतं. सदरा पिळून काढावा असा घाम, ओठ पांढरे. कोपऱ्यावरच्या हॉस्पिटलात नेलं. कॅज्युअल्टीत रात्रभर ठेवून घेतलं, वायरी लावल्या, रक्त काढलं. सकाळी म्हणाले, हार्ट चांगलं आहे, ॲसिडिटीने अन्ननलिका आवळली होती. ऐकून आम्हाला आनंद झाला. कंपनीला आमच्याहून जास्त झाला. हार्ट नव्हतं ना, मग इमर्जन्सी कसली, म्हणे. क्लेम नामंजूर.

म्हणजे माणूस गेला असता तर क्लेम पास. जगला, हाच आमचा गुन्हा.

दुसरं कारणही दिलंय. कॅज्युअल्टीच्या कागदावर लिहिलंय, पेशंट चालत आला. आणि त्याखाली: सोबतच्या नातेवाइकाचं म्हणणं, 'काही विशेष नाही, सकाळपासून जरा कसंतरी होतंय.'

हे कोण मूर्ख बोललं? शोधून काढलंच पाहिजे. माझा संशय वरच्या मजल्यावरच्या बाईवर. त्या दिवशी ह्यांचा दुसरा दंड तिनेच धरला होता, आणि जिथे गरज नसते तिथे तोंड उघडायची तिला खोड आहे.

बिल मुलाने भरलं. आकडा इथे लिहीत नाही. लिहिला तर रोज दिसेल.

निश्चय: ही वही फक्त भांडणासाठी. चौथीपर्यंतच शिकले, पण भांडायला तेवढं पुरतं. लिहून ठेवलं की ऐन वेळी मुद्दा निसटत नाही. दुसऱ्या कुणी वाचायची नाही. महिना संपायच्या आत कंपनी माझ्या दारात हात जोडून उभी असेल.

५ मार्च

आज ह्यांनी जाहीर केलं की, पुढच्या वेळी मरणार हे पक्कं झाल्याशिवाय हॉस्पिटलची पायरी चढणार नाही. मुलाच्या डोक्यावर आणखी ओझं नको, म्हणे. मी विचारलं, पक्कं झालं हे तुम्हाला कोण सांगणार? पोस्टमन?

खरी पंचाईत इथेच आहे. सोडताना डॉक्टरने बजावलं होतं, पुन्हा दुखलं तर घरी बसू नका, ॲसिड आणि हार्ट बाहेरून सारखंच दिसतं, लगेच या. डॉक्टर म्हणतो लगेच या, कंपनी म्हणते का आलात. मधे आमचे हे छाती धरून.

मला आता एवढंच हवंय. इमर्जन्सी म्हणजे काय, ते कंपनीने आधी सांगावं. मग मी बघते.

६ मार्च, सकाळी

हेल्पलाइनला फोन. आधी बराच वेळ गाणं वाजलं. मग एक दाबा, दोन दाबा. मी सगळेच दाबले. शेवटी एक मुलगी आली, आवाज असा गोड की मुंग्या लागाव्यात.

विचारलं, बाई, इमर्जन्सी कशाला म्हणायचं? म्हणाली, मॅडम, उपचाराला उशीर झाला तर जिवाला किंवा अवयवाला धोका होईल अशी अवस्था. मी म्हटलं, धोका आहे की नाही ते मला कसं कळायचं? म्हणाली, ते डॉक्टर ठरवतात. म्हटलं, डॉक्टर हॉस्पिटलात असतो, मी स्वयंपाकघरात असते. मग म्हणाली, मॅडम, तुम्ही निर्धास्त जा, नंतर कागदपत्रं बघून आम्ही ठरवू.

म्हणजे आधी विहिरीत उडी मारा, पाणी होतं की नाही ते नंतर कळवतो.

आणखी कशात मदत करू का, असंही विचारलं. जणू आत्तापर्यंत केलीच होती.

तरी बोलणं चांगलं झालं. ती घाबरली होती असं मला वाटतं.

८ मार्च

उपाय सापडला. दोष कंपनीचा नाही, आमच्या ह्यांच्या तोंडाचा आहे. ह्यांचं दुखणं दिसतच नाही. जन्मभर कारखान्यात लेथ चालवली, एकदा बोटाचं पेर मशीनमध्ये गेलं तेव्हा फक्त 'अरेच्चा' म्हणाले होते आणि फडकं मागितलं होतं. अशा माणसाला कोण पेशंट म्हणेल?

तेव्हा आजपासून ह्यांची तालीम. दुखलं की काय करायचं: चालायचं नाही, हॉस्पिटलच्या फाटकाशीच खाली बसायचं, छाती दोन्ही हातांनी धरायची, आणि ओरडायचं. मोठ्याने.

पहिला प्रयत्न: दाराची बिजागरी कुरकुरल्यासारखा आवाज. दुसरा: मांजर. तिसऱ्या वेळी म्हणाले, अगं, दुखत नसताना कसं ओरडू? मी म्हटलं, दुखत असताना तरी कुठे ओरडता! मग मीच ओरडून दाखवलं. वरचीने खिडकीतून विचारलं, काय झालं हो? हे हसायला लागले. त्या दिवसानंतर पहिल्यांदाच हसले. मी दटावलं, पेशंट हसत नसतो.

आठवडाभरात तयार होतील.

डावा हात आज खांद्यापासून भरून आलाय. खालच्या शिंप्याच्या पँटी आखूड करायला घेतल्यात, जाड कापड आहे. इस्त्रीही जडच. होणारच.

९ मार्च

तालीम झाली नाही. हे म्हणाले घसा बसलाय. ओरडलेच नाहीत तर बसला कसा, देव जाणे.

११ मार्च

वरचीला जिन्यात गाठलं आणि सरळ विचारलं, 'काही विशेष नाही' असं काउंटरवर तुम्हीच सांगितलं ना? तिने कपाळावर हात मारला. म्हणाली, मी आत आलेच नाही हो, तुमच्या ह्यांच्या चपला हातात घेऊन बाहेर बाकावर बसले होते, तुम्हीच म्हणालात चपला सांभाळा म्हणून.

किती सहज खोटं बोलतात माणसं.

घरी येऊन ह्यांना सांगितलं. हे चहा पीत होते. कपातून मान वर न करता म्हणाले, तूच म्हणालीस. मी म्हटलं, काय? म्हणाले, काउंटरवरच्या मुलीने विचारलं, काय होतंय, आणि तू म्हणालीस, काही विशेष नाही, सकाळपासून जरा कसंतरी होतंय.

ह्यांचे डोळे मिटलेले होते. डोळे मिटलेल्या माणसाला काय ऐकू येणार!

आणि समजा, बोललेच असेन. तरी ते बोलणं झालं, साक्ष नाही. आमच्या आईने शिकवलंय, दुखण्याला मोठं म्हटलं की ते मोठं होतं. कुणी काय होतंय विचारलं तर 'काही नाही' म्हणायचं, ही रीत आहे. पाहुणा जेवायला थांबा म्हटल्यावर नको म्हणतो, म्हणून काय त्याला उपाशी पाठवायचं? काउंटरवरच्या मुलीला एवढी रीत कळू नये?

१३ मार्च

सुनेला घेऊन हॉस्पिटलात गेले, कागद दुरुस्त करून घ्यायला. तोच डॉक्टर भेटला. पोरसवदा आहे, डोळे झोप नसल्यासारखे लाल. मी म्हटलं, ते 'काही विशेष नाही' तेवढं खोडा आणि 'फार भयंकर' लिहा. तो म्हणाला, आजी, लिहिलेलं बदलता येत नाही, माझी नोकरी जाईल. पण खालीच मी छातीत दुखणं, घाम, सगळं लिहिलंय. मग त्याने एक वेगळं पत्र दिलं, की अशी तक्रार घेऊन आलेल्या कुठल्याही माणसाला मी ठेवूनच घेतलं असतं. सुनेने ते दोनदा वाचलं आणि म्हणाली, आई, हे कामाचं आहे.

लढाई जिंकल्यात जमा.

एक वाह्यातपणा झाला. जिने चढून गेल्यावर मला थोडा दम लागला होता. डॉक्टर माझ्याकडे टक लावून बघायला लागला. म्हणाला, आजी, तुम्हाला नेहमीच असा दम लागतो का? म्हटलं, तुमचे जिने उंच आहेत. म्हणाला, आलाच आहात तर एक ईसीजी काढून जा. सून लगेच हो म्हणायला लागली. मी दोघांनाही गप्प केलं. पेशंट मी नाही. हॉस्पिटलात बघायला गेलं की रोग निघतो, आणि नाही निघाला तर कंपनी पैसे देत नाही. आम्हाला आता नियम कळलेत.

सून वाटभर माझ्या दहा पावलं पुढे चालत होती. शिकलेल्या माणसांना राग लवकर येतो.

१७ मार्च

कंपनीचं ऑफिस. थंडगार. प्लास्टिकची कुंडी, आणि तिला कुणीतरी पाणी घातलेलं. तिथली अक्कल तेवढ्यावरून ओळखली.

तक्रारवाला साहेब मात्र सभ्य निघाला. खुर्ची दिली, पाणी दिलं. मी मुद्दे धडाधड मांडले. म्हटलं, निकाल लागल्यावर हुशारी सांगायला कोणालाही येतं. घराला आग लागली म्हणून बंब बोलवावा, आग विझावी, आणि मग तुम्ही म्हणणार, आग कुठेय? साहेबाने मान डोलावली. म्हणाला, आजी, तुमचं बरोबर आहे. फक्त शेवटी काय निघालं एवढंच बघून चालत नाही, ते आमच्याकडूनही चुकलं. नियम असा आहे की, त्या वेळी, ती लक्षणं बघून एखाद्या साध्या शहाण्या माणसाला काय वाटलं असतं, ते बघायचं.

मी म्हटलं, जिंकलो! मग बघा की.

तो म्हणाला, बघितलं. त्या वेळी तिथे असलेला शहाणा माणूस म्हणजे तुम्ही. आणि तुम्हीच म्हणालात, काही विशेष नाही.

आयुष्यात पहिल्यांदा मला कुणी शहाणं म्हणालं, आणि तेही पैसे न द्यायला.

सुनेने डॉक्टरचं पत्र पुढे केलं. साहेब म्हणाला, ठेवून जा, फेरविचाराला पाठवतो. निरोप देताना म्हणाला, आजी, पुढच्या वेळी जे होतंय ते स्पष्ट सांगा. मी म्हटलं, माझ्याइतकं स्पष्ट बोलणारं ह्या गावात कुणी नाही.

सून खिडकीबाहेर बघत होती. खांदे हलत होते. हसत असावी. की रडत होती कोण जाणे.

२० मार्च, सकाळी

ह्यांना पुन्हा दुखलं.

दाढी करत होते. फेस तसाच तोंडाला, खुर्चीवर बसले. मी म्हटलं, ओरडा! ओरडले नाहीत. म्हटलं, छाती धरा! हाताने नुसता टेबलाचा कोपरा धरला. फेसातून घाम यायला लागला. मी फोन उचलला, ठेवला. चपला घातल्या, काढल्या. हे माझ्याकडे बघून विचारतात, जायचं का, की थांबायचं?

मला विचारतात. शहाणा माणूस मी ना.

मी म्हटलं, कसं वाटतंय? म्हणाले, तुला काय वाटतंय? बसलो दोघं, एकमेकांच्या तोंडाकडे बघत. ह्यांना वाटत होतं मी सांगेन, मला वाटत होतं हे सांगतील. हार्ट असेल तर थांबून मारतोय, ॲसिड असेल तर जाऊन मुलाला बुडवतोय. मधेच मनात आलं, देवा, काहीतरी मोठंच असू दे. असं मनात आलं. माझ्या.

थोड्या वेळाने ढेकर आली. थांबलं. ह्यांनी उरलेली दाढी केली.

मी बरोबर ओळखलं होतं, ॲसिडच. गेलो असतो तर पुन्हा नामंजूर. निर्णय अचूक.

सुईत दोरा जाईना. चष्मा बदलायला हवा.

२१ मार्च

मुलाकडे कुणीतरी चुगली केली. बहुतेक ह्यांनीच. गोदामातून जेवणाच्या सुट्टीत धावत आला. आल्या आल्या आवाज चढवला. म्हणाला, आई, पैशाचं मी बघतो, तुम्ही नुसतं जायचं, विचार करायचा नाही. मी म्हटलं, पहिल्या बिलासाठी काढलेल्या कर्जाचे हप्ते अजून फिटले नाहीत, आणि म्हणे विचार करायचा नाही. म्हणाला, मग काय, बाबांना खुर्चीत बसवून बघत राहणार? आणि तोंड फिरवलं. डोळ्यात काहीतरी गेलं म्हणाला. गोदामात धूळ फार.

न जेवताच परत गेला. डब्यात भात घातला तर तोही विसरला.

निश्चय: उद्यापासून तालीम दोन वेळा. ह्यांचा आवाज सुटलाच पाहिजे. सगळं त्याच्यावर अडलंय.

२४ मार्च

तालीम बंद. मलाच बरं नाही. म्हणजे बरं आहे, पण खालचा जबडा ठणकतोय. दाढ असणार. दाढ तिथली कधीच पडलीय, पण हिरडी असतेच की. पाठीतही दुखतंय, ते मशीनवर वाकून.

सकाळी उलटी. चहा जास्त झाला.

हे दोनदा म्हणाले, चल दाखवून येऊ. मी म्हटलं, दाढेसाठी कॅज्युअल्टी? कंपनी नाचेल आनंदाने.

साहेबाचं काही उत्तर नाही. सूनही विचारतेय, आई, तुमचा चेहरा असा का दिसतोय? चेहरा असाच आहे. लग्नापासून.

२५ मार्च

पँटी संपवायच्या आहेत. उद्या.

३० मार्च

सुनेने वही आणून दिली. पडून लिहितेय, अक्षर कुठेही चाललंय.

त्या दिवशी, सव्वीसला, कात्री उचलायला गेले तर कात्रीच उचलेना. एवढीशी कात्री. घाम आला. हे म्हणाले, चल. मी म्हटलं, एवढा पाय संपवते, शिंप्याचं गिऱ्हाईक संध्याकाळी येणार आहे. ह्यांनी दार उघडलं आणि जिन्यात उभे राहून ओरडले.

असे ओरडले! इतके दिवस माझ्या तालमीत जे निघालं नाही ते सगळं एकदम बाहेर आलं. सगळी बिल्डिंग दारात. शिंपी टेप गळ्यात घेऊन वर आला. वरची एका पायात चप्पल घालून खाली आली, तिनेच टॅक्सी थांबवली. मी म्हणत होते, अहो, हळू, लोक ऐकतायत. हे म्हणाले, ऐकू दे.

म्हणजे शिकवलेलं वाया जात नाही.

हॉस्पिटलच्या दारात चाकाची खुर्ची आणली. त्यात बसून लोकांसमोर जायचं? मी काय लंगडी आहे? उठले आणि चालत आत गेले.

काउंटरवर तीच मुलगी. तिने विचारलं, आजी, काय होतंय?

इथे सगळं ठरलेलं होतं. इतके दिवस दुसऱ्याला शिकवत होते. छाती धरायची, खाली बसायचं, ओरडायचं. मी तोंड उघडलं आणि म्हटलं, काही विशेष नाही, सकाळपासून जरा कसंतरी होतंय.

माझ्या मागून वरची किंचाळली, नीट लिहून घ्या, हे ह्या बोलल्या, मी नाही!

नंतरचं मला नीट आठवत नाही. लाल डोळ्यांचा डॉक्टर धावला एवढं दिसलं. हार्टच होतं. नळी बंद झाली होती, आत स्प्रिंग घातलीय. डॉक्टर काल पलंगाशी बसून सांगून गेला, आजी, हे बरेच दिवस चालू होतं. त्या दिवशी जिन्यानंतर ईसीजी काढू दिला असतात तर. हार्टचा एक भाग गेलाय, तो आता परत येणार नाही. मी विचारलं, म्हणजे आखूड झालं? तो हो म्हणाला.

पँट आखूड करता येते. एकदा कापली की लांब करता येत नाही. हे मला कुणी शिकवायला नको होतं.

मशीन बंद, जिने बंद. मुलगा खाली बिलाच्या खिडकीशी उभा आहे. सून म्हणते, ह्या वेळी कंपनी नाही म्हणू शकणार नाही, पण त्यांचा फोन आला होता. विचारत होते, कागदावर 'पेशंट चालत आली, काही विशेष नाही' असं का लिहिलंय. ह्यांच्या क्लेमचा फेरविचार चालूच आहे. चालू राहील.

हे खुर्चीत बसल्या बसल्या झोपलेत, तोंड उघडं. घसा खरोखर बसलाय आता.

नर्स आलीय. विचारतेय, आजी, दुखतंय का?

माझ्या जिभेवर 'काही नाही' येऊन थांबलंय. तोंड घट्ट मिटून घेतलंय. तिला हातानेच खूण केलीय. आजपासून डॉक्टर असो, कंपनी असो, वरची असो, कुणीही विचारलं तरी मी बोलणार नाही. ह्यांना उठवा. उत्तर ह्यांनीच द्यायचं.